पद्मिनीला सायलेन्सर निवडताना

आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. आता ती माझ्याकडे आहे आणि चालती आहे. तिचा सायलेन्सर गंजून गेला, तेव्हा होता तसाच बसवायचा की काही सुधारित घ्यायचा, हा प्रश्न आला. वरकरणी अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या निवडीच्या निमित्तानं गाडीबद्दल जे कळलं, ते इतकी वर्षं स्टिअरिंगमागे बसून कळलं नव्हतं. तुमच्याकडे पद्मिनीऐवजी जुनी मारुती असेल, कॉन्टेसा असेल, जिप्सी असेल. मापं बदलतील, पण बाकीचं बरंचसं तुमच्याही वाट्याला येईल.

१. निवड दुकानाच्या काउंटरवर होत नाही, गाडीखाली होते. सायलेन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागचा डबा आणि बाहेर आलेलं टोक एवढंच असतं. गाडी रॅम्पवर चढवून तिच्याखाली उभी राहिले, तेव्हा धुराचा सगळा रस्ता सलग दिसला. इंजिनाला बसवलेला ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड, फ्लँजनं जोडलेला पुढचा पाइप, मध्ये डबा, आणि मागच्या अॅक्सलच्या जवळून निघालेला शेवटचा पाइप. मिस्त्रींनी एकेका तुकड्यावर पान्यानं हलकेच टकटक केलं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला बद्द वाजतो. डबा हलवला तर आतून खुळखुळ आली, म्हणजे आतले पडदे सुटले होते. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते वर, मॅनिफोल्डच्या जोडापाशी: काजळीचा एक काळा फराटा. पॅकिंग फुटलं होतं. सकाळी गाडी थंड असताना एक बारीक टिकटिक यायची आणि गाडी तापली की थांबायची, तिचं मूळ इथे होतं. धातू तापून फुगला की फट मिटायची. नवा डबा कितीही महागाचा आणला असता, तरी ती फट तशीच राहिली असती. काय बदलायचं आहे हे आधी ठरलं, की काय घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

२. पावसाळा सायलेन्सरला बाहेरून खातो, पण गाडी त्याला आतून जास्त खाते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, त्याचं हे पाणी. हिवाळ्यात सकाळी टोकातून थेंब पडताना दिसतात ते हेच. गाडी नीट तापली तर पाण्याची वाफ होऊन ती निघून जाते. पण गाडी फक्त कोपऱ्यावरच्या भाजीपुरती बाहेर काढली, तर इंजिन तापतं आणि मागचा डबा गारच राहतो. पाणी आत साचतं, त्यात ज्वलनातून आलेली आम्लं विरघळतात आणि पत्रा आतल्या बाजूनं झिजत जातो. म्हणजे ज्या गाडीला आपण जपतो, कमी चालवतो, तिचाच सायलेन्सर लवकर जातो! हे समजल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. जुनी गाडी महिन्यातून काही वेळा तरी चांगली लांब, पूर्ण तापेपर्यंत चालवली पाहिजे, ही त्यातून लागलेली सवय. आणि नवा डबा घेताना त्याच्या तळाला पाणी झिरपण्यासाठी बारीक भोक आहे ना, हे बघायचं. ते चुकून केलेलं भोक समजून कुणी वेल्डिंगनं बुजवू नये.

३. आवाज वाढला की ताकद वाढली असं कानाला वाटतं, चढाला वाटत नाही. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या घरातली. बाजारात 'फ्री-फ्लो' म्हणून मिळणारे सायलेन्सर आतून जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे धूर कमी अडतो आणि आवाजही कमी अडतो. आवाज १० डेसिबलनं वाढला की माणसाच्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. इंजिनानं मात्र तेवढ्यात काहीच कमावलेलं नसतं. इतक्या लहान आणि शांत इंजिनात मूळ सायलेन्सर धड असेल, तर तोच अडसर असण्याची शक्यता फार कमी. मला खरं तर हवा होता तो तिचा पूर्वीचा पिकअप. तो शोधायचा तर आधी कॉम्प्रेशन मोजावं लागतं, टॅपेटची फट बघावी लागते, इग्निशनचं टायमिंग तपासावं लागतं. ही तीन कामं झाल्यावर कात्रजच्या चढावर गाडी वेगळी वाटली, आणि तेव्हा सायलेन्सर अजून जुनाच होता. मग नव्या सायलेन्सरकडून माझी अपेक्षा बदलली. त्यानं ताकद आणायची नव्हती, असलेली ताकद वाया जाऊ द्यायची नव्हती.

४. पाइप जितका जाड तितका धूर मोकळा, हे फक्त अर्धं खरं आहे. चुलीपुढे बसून ज्यांनी फुंकणीनं विस्तव फुलवला आहे, त्यांना उरलेलं अर्धं आपोआप कळेल: तोच श्वास अरुंद नळीतून गेला तर जोरानं जातो, रुंद नळीतून गेला तर विरून जातो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला १०० वेळा धुराचा एक धक्का पाइपात शिरतो. प्रत्येक धक्का वेगानं पुढे गेला, तर त्याच्या मागे दाब कमी होतो आणि पुढच्या धक्क्याला ओढ मिळते. सिलिंडर नीट रिकामा होण्यात या ओढीचा मोठा वाटा आहे. आता ३८ मिलिमीटरच्या जागी ५१ मिलिमीटरचा पाइप टाकला असं धरा. व्यास एकतृतीयांशानं वाढला असं दिसतं, पण आतली जागा जवळपास ८० टक्क्यांनी वाढते. धुराचा वेग त्याच प्रमाणात पडतो, धूर लवकर गार होतो आणि ओढ जाते. शर्यतीच्या गाडीला हे चालतं, कारण ती कायम वरच्या फेऱ्यांत पळते. आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सिग्नल ते सिग्नल असे चालतो. तिथे जाड पाइपनं गाडी उलट मंद होते. म्हणून जुन्या पाइपचं माप कॅलिपरनं घ्यावं आणि त्याच्या आसपासच राहावं. दुकानदार 'मोठा घ्या, बरा पडेल' म्हणाला, तरी हे माप कागदावर लिहून खिशात ठेवलेलं कामाला येतं.

५. धातू निवडताना चमक बघायची नसते, गाडी कुठे आणि कशी राहते हे बघायचं असतं. साध्या पोलादाचा, म्हणजे एमएसचा पाइप स्वस्त, वाकवायला सोपा, कुठेही वेल्ड होणारा, पण लवकर गंजणारा. अॅल्युमिनियमचा थर दिलेलं पोलाद त्याहून टिकाऊ, फक्त वेल्डच्या जागी थर जळतो आणि गंज तिथून सुरू होतो. स्टेनलेसमध्ये दोन नावं कायम ऐकू येतात, ४०९ आणि ३०४. ४०९ मध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के. वरून तांबूस पडतं, पण आरपार सडायला बराच काळ लागतो. गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टला हेच भरपूर वापरतात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ते महाग आहे आणि चमक टिकवतं. ओळखायचं कसं? खिशात लहानसं लोहचुंबक ठेवावं. ४०९ ला ते चिकटतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही. चिकटलं म्हणजे माल वाईट असं नाही. सांगितलंय तेच मिळतंय का, एवढं त्यातून कळतं. कोकणात, समुद्राजवळ गाडी राहत असेल तर स्टेनलेसचे पैसे वसूल होतात. पुण्यासारख्या ठिकाणी शेडखाली राहणाऱ्या गाडीला चांगल्या जाडीचा, नीट वेल्ड केलेला साधा पाइपही बरीच वर्षं साथ देतो. जाडी आवर्जून विचारावी. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२. कागदावर फरक नगण्य दिसतो. गंजाला मात्र तेवढा फरक पार करायला वर्षं लागतात.

६. उभ्या गाडीचा आवाज ऐकून सायलेन्सर पसंत करता येत नाही. गॅरेजमध्ये रेस दिल्यावर जो भारदस्त आवाज येतो, त्याच्यासोबत आपल्याला साताऱ्यापर्यंत बसायचं असतं. महामार्गावर सत्तर-पंच्याहत्तरच्या वेगाला इंजिन एकाच फेऱ्यांवर बराच वेळ राहतं, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांवर काही सायलेन्सर घुमायला लागतात. आधी सांगितलेले ते सेकंदाला १०० धक्के म्हणजे १०० हर्ट्झचा खोल स्वर. गाडीच्या आतली पोकळी त्याला साथ देऊ लागली, की अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि मागे बसलेल्यांशी ओरडून बोलावं लागतं. हा घुमारा मारायला पाइपला एका बाजूनं बंद असलेली नळी जोडतात. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात धरला, तर १०० हर्ट्झसाठी ती सव्वा मीटर लांब हवी. पद्मिनीच्या पोटाखाली एवढी मोकळी जागा आणायची कुठून? त्यापेक्षा आतून कप्पे असलेला, पुरेसा मोठा डबा घेणं सोपं. डब्याची पोकळी जितकी मोठी, तितका तो धुराला फार न अडवता आवाज मारू शकतो. म्हणून लहान, सुबक डब्याचा मोह मी सोडला. शक्य असेल तर तोच सायलेन्सर बसवलेल्या एखाद्या गाडीतून महामार्गावर फिरून यावं, आणि तेही मागच्या सीटवर बसून.

७. एक्झॉस्ट बदलला की गोष्ट एक्झॉस्टपाशी थांबत नाही. आपली पद्मिनी फियाट ११०० च्या वंशातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. तिकडे इटलीत १९४९ मध्ये कार्लो अबार्थ यांनी कंपनी काढली आणि फियाटच्या छोट्या गाड्यांसाठी सायलेन्सर बनवून विकले. विंचवाचं चिन्ह असलेले ते सायलेन्सर पुढे खूप गाजले. फियाट आणि बदललेला एक्झॉस्ट यांचं नातं असं जुनं आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पण अबार्थ यांचं काम सायलेन्सरवर संपत नव्हतं. कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन यांनाही ते हात घालत. कारण धूर सहज बाहेर पडू लागला की इंजिन हवा जास्त ओढतं, आणि जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं आणि व्हॉल्व्ह भाजतात. मूळच्या मापाचा सायलेन्सर बसवला तरी ट्यूनिंग तपासून घ्यावं, कारण जुना सायलेन्सर तुंबलेला किंवा फुटका असताना कुणीतरी स्क्रू फिरवून ते त्याच्याशी जुळवलेलं असतं. चांगलं अंतर चालवून प्लग काढून बघावा. टोकाचं चिनीमातीचं टोपण बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक, पांढरं फटक असेल तर मिश्रण पातळ, काळंकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त. त्या इवल्याशा टोपणावर अख्ख्या इंजिनाची तब्येत लिहिलेली असते.

८. माल निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे हात निवडणं. पद्मिनीचा तयार सायलेन्सर नेहमी मिळेलच असं नाही. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधून माल सापडतो, पण शेवटी कुठेतरी वाकवणं, कापणं, जोडणं आलंच. वाकवलेला पाइप बघताना आतल्या बाजूवर बोट फिरवून बघावं. तिथे सुरकुत्या पडल्या असतील किंवा पाइप चेपून अंडाकृती झाला असेल, तर आपण मापानं घेतलेला पाइप त्या वळणावर अरुंद झाला. स्टेनलेसला आर्गॉन वेल्डिंगच हवं. आमच्या मिस्त्रींनी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मॅनिफोल्डचे नट काढताना. चाळीस वर्षांचे गंजलेले स्टड. त्यांनी आदल्या संध्याकाळी त्यांवर तेल सोडलं, सकाळी पुन्हा सोडलं, मग थोडी धग दिली आणि पाना लावून अगदी किंचित पुढे, किंचित मागे असं करत राहिले. मी विचारलं, "चाचा, जोर लावला तर लवकर नाही निघणार?" ते मान न उचलता म्हणाले, "निघेल ना ताई, अर्धा हातात निघेल आणि अर्धा आतच राहील." एकही स्टड तुटला नाही. परत बसवताना त्यांनी पितळी नट वापरले, कारण पितळ तापून लोखंडाला धरून बसत नाही, पुढच्या वेळी सहज सुटतं. पुढच्या वेळी ते काम कोण करेल, त्यांना माहीत नव्हतं. तरी त्यांनी त्या माणसाची सोय करून ठेवली. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढणं आणि पेट्रोलच्या टाकीपासून जोड लांब करणं, हेही त्यांनी न सांगता केलं. असा माणूस सापडला की सायलेन्सरचा ब्रँड दुय्यम ठरतो.

९. सायलेन्सर घट्ट बांधायचा नसतो, टांगायचा असतो. तीन मीटर लांबीचा पाइप सरासरी २०० अंशांनी तापला तर साधं पोलाद ७ मिलिमीटरच्या आसपास लांबतं आणि ३०४ स्टेनलेस सुमारे १० मिलिमीटर. दोन्ही टोकांना आवळून टाकलं तर ही वाढ जाणार कुठे? ती वेल्डला तडा देते, नाहीतर मॅनिफोल्डवर ताण आणते. त्यासाठीच रबरी हँगर असतात, आणि तेही नवे हवेत. जुनी, कडक झालेली रबरं इंजिनाची थरथर थेट बॉडीत पोचवतात. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. पद्मिनीच्या मागे पाट्यांचं सस्पेन्शन आणि सलग अॅक्सल आहे. खड्ड्यात चाक वर आलं की अॅक्सलही वर येतो. गाडी जॅकवर उचललेली असताना पाइप आणि अॅक्सल यांच्यात दिसणारं अंतर फसवं असतं. चाकं जमिनीवर टेकवून, मागे माणसं बसवून ते पुन्हा बघावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. धुराचं तोंड खाली किंवा डावीकडे नको, मागे किंवा उजवीकडे हवं, असंही त्यात आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो आणि आपल्या डावीकडे पदपथ असतो, त्यावर माणसं असतात. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना ती माणसं दिसत होती, याचं मला फार बरं वाटलं.

१०. सायलेन्सर माझ्या गाडीला असतो, पण त्याचा आवाज गल्लीचा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती ती आणखी कमी. कर्कश सायलेन्सर लावून रस्त्यावर गाडी आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पण दंडापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीकडे लोक आजही हसून बघतात, लहान मुलं हात करतात, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला 'कितवं मॉडेल?' म्हणून विचारतो. हे प्रेम आयतं मिळालेलं आहे आणि कानठळ्या बसवून ते घालवणं फार सोपं आहे. धुराचंही तसंच. पीयूसीत भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना निष्क्रिय फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम इतकी सवलत आहे. नव्या गाड्यांच्या मानानं ती पुष्कळ आहे, म्हणूनच तिच्या काठावर न राहता बरंच खाली राहावं असं मला वाटतं. आणि तुमची गाडी १९९५ नंतरची असून तिला मुळात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, तर 'तो काढला की गाडी मोकळी होते' हा सल्ला मनावर घेऊ नका. तो तुंबला असेल तर बदलावा, काढून पोकळ पाइप लावू नये.

११. घट्टपणा हाच खरा दर्जा. बसवून झाल्यावर इंजिन थंड असतानाच सुरू करून जाड, ओल्या फडक्यानं मागचं तोंड काही क्षण दाबून धरावं. सगळे जोड पक्के असतील तर फडक्याला जोराचा दाब लागतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. कुठे फट असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. ही साधी परीक्षा बऱ्याच गॅरेजांत करतात, पण आपण मागितली तरच. तिचं महत्त्व आवाजापुरतं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. जुन्या गाड्यांच्या तळाला कुठे ना कुठे गंजलेली भोकं असतात, रबराच्या टोप्या निसटलेल्या असतात, आणि पावसात काचा बंद असतात. पुढच्या जोडातून गळणारा धूर थेट पायाशी येतो. फट पीयूसीलाही फसवते, कारण तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा खरा दिसत नाही. गाडी उताराला सोडली की फटफट असे बार निघतात, तेही कित्येकदा फटीचंच लक्षण असतं. काहींना तो आवाज आवडतो. मला तो गाडीनं केलेली तक्रार वाटतो. शिवाय जुनं पॅकिंग काढताना एक काळजी: त्या काळच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ते कोरडं खरवडू नये, हवेच्या झोतानं उडवू नये. ओलं करून, तोंडाला मास्क बांधून काढावं.

१२. काढलेला माल भंगारात टाकायचा नसतो. जुना डबा कितीही सडका असला, तरी त्याची लांबी, कड्यांची जागा, पाइपचे कोन हेच पुढच्या डब्याचे नकाशे आहेत. पद्मिनीसारख्या गाडीला असा नमुना आता सहज मिळत नाही. मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. हजारो टॅक्सी पळत होत्या तोवर सुट्या भागांचा बाजारही पळत होता. आता उरलेल्या गाड्या आपल्यासारख्यांच्या दारात आहेत आणि त्यांचा बाजार आपल्यालाच एकमेकांच्या मदतीनं चालवायचा आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. माझी गाडी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. म्हणून मी ठरवलं, की जे बसवायचं ते कापाकापी न करता, मूळच्याच कड्यांवर बसेल आणि उद्या हवं तर उतरवता येईल असं.

१३. शेवटी मी काय घेतलं? मूळच्या मापाचा पाइप, १६ गेजचा, ४०९ स्टेनलेसचा. कप्प्यांचा, मूळच्यापेक्षा किंचित मोठा डबा. नवं पॅकिंग, पितळी नट, नवी रबरं. थोडी गाडी चालवून, ती तापून गार झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा आवळून घेतले, कारण पहिल्या काही तापण्यांत पॅकिंग बसतं आणि नट सैल होतात. कुणाला दाखवावं असं यात काहीही नाही, आणि मला त्याचं पूर्ण समाधान आहे. नव्या गाडीला माणूस बदल करतो तो तिला इतरांपेक्षा वेगळी करण्यासाठी. जुनी गाडी आधीच वेगळी असते. तिला हवं असतं ते आणखी दहा-वीस वर्षं रस्त्यावर राहणं, आणि रस्त्यावरच्या इतरांना तिचा त्रास न होणं. ज्या सायलेन्सरनं या दोन्ही गोष्टी साधतात, तो तिच्यासाठी उत्तम. दुकानात उभे असाल तेव्हा 'हा कसा वाजतो?' याच्या आधी 'हा किती वर्षं टिकेल, कोण बसवेल आणि उद्या कसा निघेल?' एवढं विचारा. ज्या दुकानदाराला या तीन प्रश्नांची उत्तरं देता येतात, त्याच्याकडूनच घ्या.